सहा माणसांचा तंबू

आमच्याकडे हैदराबादेत टेंट म्हटलं की आधी टेंट हाऊस डोळ्यासमोर येतं. गल्ली अडवून घातलेला मांडव, रंगीत कापड, प्लास्टिकच्या खुर्च्या. लग्नाला तोच आणि मयतालाही तोच. त्यामुळे एका रविवारी सकाळी नवरा म्हणाला, "आपण एक टेंट घेऊ या," तेव्हा मला आठ महिन्यांपूर्वी आमच्या बरकतपुऱ्याच्या गल्लीत घातलेला मांडव आठवला. आईच्या वेळचा. मी कणीक मळत होते. हात न थांबवता म्हटलं, "कशाला?"

"कॅम्पिंगला. गाडी काढायची, एखाद्या तळ्याकाठी तंबू लावायचा, एक मुक्काम करायचा आणि परत यायचं. पोरगी दोन वर्षांत कुठं गेली नाही."

ते खरं होतं. आई दोन वर्षं डायलिसिसवर होती. नांदेडहून आईला आणि दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी इकडे आणलं, कारण भावाच्या घरी दोन खोल्या आणि चार माणसं. आठवड्यातून तीन दिवस तिला दवाखान्यात न्यायचं. रिक्षात तिला धक्के सोसवेनात म्हणून आम्ही जुनी गाडी घेतली. त्या गाडीला घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर एवढाच रस्ता माहीत होता. मी विमा कंपनीत नोकरी करते. सकाळी आईला सोडायचं, ऑफिस गाठायचं, दुपारी नवऱ्यानं कॉलेजच्या प्रयोगशाळेतली कामं उरकून तिला घ्यायला जायचं. असं करत करत दोन वर्षं गेली आणि मग आई गेली.

ती गेल्यावर मला वाटलं होतं, आता दुःख होईल. झालंही. पण त्याच्याही वर एक थकवा होता आणि तो झोपून जात नव्हता. कामाचा शीण मी ओळखते, हा तसा नव्हता. दोन वर्षं मी फक्त ठरवत होते. कुठला डॉक्टर, कुठली सुई, पाणी किती द्यायचं, मीठ किती, कोणाला कळवायचं, कोणाला नाही. शेवटी तर, यंत्र काढायचं का, हेही मलाच विचारलं. आता कोणी "भाजी कुठली करायची" असं विचारलं तरी माझ्या डोक्यात काहीतरी बंद पडायचं.

"तू फक्त हो म्हण," नवरा म्हणाला, "बाकी सगळं आम्ही बघतो."

मी हो म्हटलं. 'बाकी सगळं आम्ही बघतो' याचा आमच्या घरात काय अर्थ होतो हे माहीत असूनही म्हटलं.

आठ दिवसांत माझ्या मोबाइलवर तंबूंचे चाळीस फोटो आले. नवरा ऑफिसच्या वेळेत पाठवायचा आणि खाली लिहायचा, 'कसा वाटतो?' मुलगी नववीत. ती वेगळे पाठवायची, 'मम्मी, धिस वन प्लीज, मस्तुंदी,' असं तिचं इंग्रजी-तेलुगू मिसळलेलं मराठी. हिरवा तंबू, निळा तंबू, घुमटासारखा, खोलीसारखा. सगळ्यांच्या बाहेर एक हसणारं कुटुंब बसलेलं. शेवटी मी एका चार माणसांच्या तंबूवर बोट ठेवलं. आम्ही माणसं चार, तंबू चारांचा. याहून जास्त विचार करायची माझी ताकद नव्हती.

मागवण्याआधी मुलीनं एक शहाणपणा केला. संध्याकाळी गच्चीवर गेली आणि जाहिरातीत दिलेल्या मापाचा चौकोन खडूनं आखला. सात फूट बाय सात फूट. मग आम्हाला वर बोलावलं. ती त्यात आडवी झाली. तिच्या बाजूला नवरा आडवा झाला. दादांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ते जमिनीवर बसले तर दोघांनी धरून उठवावं लागतं, म्हणून त्यांच्यासाठी तिनं खाटेचा लांबट चौकोन आखला. मग माझ्याकडे बघितलं. चौकोनात वीतभर पट्टी उरली होती.

"मम्मी, तू इथं," ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "आणि बॅगा पण इथंच."

नवरा आडवा पडल्यापडल्या हसला. मला हसू आलं नाही. मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढून खाली गेले.

मग सहा माणसांचे, आठ माणसांचे तंबू सुरू झाले. कोणी सांगितलं, लिहिलेल्या आकड्यातून दोन वजा करायचे. कोणी सांगितलं, घुमटाचा घेऊ नका, भिंती आत कललेल्या असतात, कडेला खाट लावली तर झोपणाऱ्याचं नाक कापडाला लागतं. सरळ भिंतींचा घ्या, पण तो वाऱ्यात फडफडतो. नवरा साडेपाच फुटांच्या वर, त्याला उभं राहता यायला हवं. दादांना वाकून आत शिरता येणार नाही, म्हणजे दार उंच हवं. आणि हे सगळं बांधल्यावर आमच्या छोट्या गाडीच्या डिकीत मावायला हवं. प्रत्येक प्रश्न फिरून माझ्याकडेच यायचा.

दादा या सगळ्यात नव्हतेच. ते हॉलमधल्या खुर्चीत बसून पेपर वाचायचे. एकदा नातीनं त्यांना विचारलं. ती त्यांना ताता म्हणते, शेजारच्या तेलुगू मुलांचं ऐकून. "ताता, तुम्हाला कुठला आवडला?"

"मी तंबूत झोपत नसतो," दादा म्हणाले आणि पान उलटलं.

मला माहीत होतं, दादांनी तरुणपणी अकरा वर्षं तंबूत काढली होती. कालव्याच्या मोजणीवर ते खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारे गडी, होते. साहेबाच्या पुढं साखळी ओढायची, झेंडी धरून उन्हात उभं राहायचं, संध्याकाळी राहुटीत यायचं. काम पुढं सरकलं की तंबू पुढं सरकायचे. नंतर ते ऑफिसात शिपाई झाले, परीक्षा देऊन कारकून झाले, आम्हा दोघांना शिकवलं. मोजणीच्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. आम्हीही विचारलं नव्हतं. त्यांच्या तोंडून एवढंच ऐकलेलं की तिकडं पाणी फार खारं होतं.

खरं सांगायचं तर त्यांच्या नकारानं मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांना एकटं ठेवून जाता येणार नव्हतं, म्हणजे कोणालाच जाता येणार नव्हतं. मी भावाला फोनवर सांगितलं, "नाही रे, कॅम्पिंगचं काही जमायचं नाही. दादांमुळे अडतंय." दादा बाल्कनीत होते. आमचं घर लहान आहे. फोन ठेवून वळले तेव्हा ते मला दिसले. कुंडीतलं वाळकं पान खुडत होते.

शनिवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, काठी घेऊन दाराशी उभे राहिले. जावयाला म्हणाले, "चला. अफझलगंजला ताडपत्रीची दुकानं हाईत ना? फोटू बघून तंबू घेत असतेत काय कुठं?"

आम्ही चौघं गेलो. मुसी नदीचा पूल ओलांडायच्या अलीकडे गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून नवऱ्यानं आम्हाला उतरवून दिलं आणि तो वळसा घालून आला. दोर, ताडपत्री, कॅनव्हास विकणारं एक जुनं दुकान होतं. मालक साठीचे, पांढऱ्या दाढीचे, नाकावर चष्मा. वरच्या मजल्यावर त्यांनी हल्लीचे हलके तंबूही ठेवले होते. दादांना जिना चढायला वेळ लागला. मालक मागून येत होते, पण त्यांनी घाई केली नाही.

"कित्ते लोगां?" वर आल्यावर त्यांनी विचारलं.

"चार," नवरा म्हणाला.

"तो छे का लेव. छे का बोलके लिखते, मगर छे आदमी सोए तो सुबू कू एक-दूसरे की सूरत नक्को देखना बोलते."

त्यांनी एक तंबू उभा करून दाखवला. राखी रंगाचा, सरळ भिंतींचा. नवरा आत शिरून उभा राहिला, डोकं टेकलं नाही. मुलीनं मोबाइलवर मोजलं. मी दुकानातल्या स्टुलावर बसले होते आणि मनात म्हणत होते, हाच घ्या आणि चला.

दादा तंबूच्या भोवती काठी टेकत फिरले. शिवण अंगठ्याच्या नखानं ओढून बघितली. कापड तोंडाशी धरून फुंकलं, पलीकडे हात धरून हवा येते का बघितली. तळाचं जाड कापड भिंतीवर किती वर चढवलंय ते बघितलं आणि म्हणाले, "एवढं पाहिजेच. तंबूत पाऊस वरून येत नसतो, खालून येतो." दांड्या वाकवून बघितल्या. मालक त्यांच्याकडे बघत राहिले. विचारलं, "चच्चा, तुम ये काम करे क्या?"

"हौ," दादा म्हणाले, "रहता था."

मग त्यांनी जावयाला विचारलं, "ह्याला दार एकच हाय काय?"

"हो. मोठं आहे ना पण."

"मग दाराशी कोण झोपणार?"

नवऱ्याला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, "कोणीही. मी झोपतो."

"तसं न्हाई," दादा म्हणाले. ते कोणाकडे न बघता तंबूच्या दाराची चेन वरखाली करत बोलत होते. "राहुटीत आम्ही आठ माणसं होतो. सात जण आत. माझी जागा दाराशी, सामानाच्या पेट्या अन् चपला जिथं ठेवायचे तिथं. तेव्हा तसंच होतं, आपल्या माणसाला आत कोण घेणार. रात्री जो उठंल तो माझ्यावरून जायचा. कोणी सांभाळून जायचा, कोणी न्हाई. पाऊस आला की पहिला मी भिजायचो. अकरा वर्षं." मग चेन सोडून म्हणाले, "दोन दारांचा घ्या. कोणी कोणाला ओलांडून जाऊ नये."

मुलगी आजोबांकडे बघत होती. 'आपल्या माणसाला' म्हणजे काय हे तिला घरात सांगितलेलं आहे, पुस्तकं वाचून दाखवलेली आहेत. पण ते समोरच्या माणसाच्या अंगावरून गेलेलं तिनं पहिल्यांदा ऐकलं. मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते, आणि माझं वय सत्तेचाळीस.

मालकांनी तो तंबू उतरवला. आतून दुसरा काढला. सहा माणसांचाच, पण लांबट, समोरासमोर दोन दारं, मध्ये पडदा लावून दोन खोल्या करता येतील असा. बांधलेली पिशवी डिकीत जाणार नाही एवढी लांब. नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी काय म्हणते म्हणून.

"दादांना विचारा," मी म्हटलं. ते म्हणताना मला इतकं हलकं वाटलं की आजही आठवतं.

"हाच," दादा म्हणाले. "टपावर बांधू."

डिसेंबरात एका शनिवारी आम्ही निघालो. विकाराबादच्या पुढे एकानं स्वतःच्या शेतात तळ्याकाठी कुटुंबांना तंबू लावायची सोय केली होती. मी फोन करून एकच चौकशी केली होती, संडासाला कमोड आहे का. आहे म्हणाला. टपावर तंबू, मागच्या सीटवर घडीची खाट आडवी, तिच्याखाली पाय दुमडून मुलगी. चेवेळ्ळच्या पुढं रस्त्याकडेची मोठमोठी वडाची झाडं लागली, तेव्हा दादांनी काच खाली केली. गाडी इतक्या लांब पहिल्यांदाच चालली होती. तिच्या प्रत्येक आवाजाकडे मी कान लावून होते.

पोचून तंबू लावायला घेतला आणि लगेच भांडण झालं. सूचनांचा कागद बारीक अक्षरांत, चित्रं उलटी. दांड्या दोन लांबीच्या, त्यांची अदलाबदल झाली. नवरा म्हणाला, मुलीनं पिशवी नीट बघितली नाही. मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही व्हिडिओ बघितलाच नाही." तळ्यावरून वारा आला आणि अर्धवट उभा राहिलेला तंबू एका बाजूला आडवा झाला. मी दोर धरून होते. तो माझ्या हातातून सरकला, तळहात सोलला. तेवढ्यात नवऱ्यानं विचारलं, "आता काय करायचं? दुसऱ्या जागी लावायचा का?" आणि मुलीनं विचारलं, "मम्मी, ग्लूकोज बिस्किटं कुठं आहेत?"

मी दोर खाली ठेवला. गाडीत जाऊन पुढच्या सीटवर बसले आणि दार लावून घेतलं. रडत नव्हते. मला फक्त कुणाच्याही कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायचं नव्हतं. काचेतून दिसत होतं, दादा खुर्चीतून काठीनं दाखवत होते. अरुंद बाजू वाऱ्याकडे घ्या. आधी चार कोपरे ठोका, मग दांड्या. खुंटी सरळ ठोकू नका, तंबूपासून लांब कलती ठोका. नवरा मुकाट ऐकत होता. तासाभरात तंबू उभा राहिला.

मग दादा काठी टेकत गाडीपाशी आले. काचेवर बोटानं टकटक केली. मी काच खाली केली.

"माझी खाट लावलीय आत. जाऊन पड."

"तुम्ही?"

"मी खुर्चीत बरा हाय. जा तू." आणि मागं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ती उठेस्तोर तिला कोणी काही विचारायचं न्हाई."

मी त्यांच्या खाटेवर पडले. आत उजेड राखाडी होता, दोन्ही दारांच्या जाळ्यांमधून वारा आरपार जात होता. हात पसरले तरी कशाला लागत नव्हते. कापडापलीकडून आवाज येत होते. मुलगी विचारत होती, मीठ सापडत नाही, मम्मीला विचारू का. दादा म्हणाले, "न्हाई सापडलं तर अळणी खाऊ." एवढं ऐकलं आणि झोप लागली. आई गेल्यापासून दिवसा मी झोपले नव्हते. रात्रीची झोपही अशी लागत नव्हती.

उठले तेव्हा ऊन कललं होतं. बाहेर तिघं बसले होते. खिचडी खरंच अळणी होती आणि खाली लागलेली. मी खाल्ली. नवरा आणि मुलगी तळ्याकडे गेले. दादा आणि मी राहिलो. बराच वेळ ते तंबूकडे बघत होते.

"तुझी आई एकदा आली होती," ते म्हणाले.

"कुठं?"

"कॅम्पवर. मी चार महिने घरी गेलो नव्हतो. तू आठ महिन्यांची. तुला घेऊन, बस बदलत, शेवटी एका ट्रकमधी बसून आली. दुपारी पोचली. मला काय करावं कळंना. राहुटीत आठ गडी. तिला कुठं ठेवू? साहेबाला विचारलं, सामानाच्या तंबूत एक रात्र जागा द्या म्हणून. त्यांनी न्हाई म्हटलं, नियम न्हाई. झाडाखाली बसून तिनं भाकर खाल्ली, तुला पाजलं. संध्याकाळी त्याच ट्रकनं मागं पाठवलं मी तिला."

दोन वर्षं मी आईला गाडीतून नेत होते. शंभर गोष्टी तिनं सांगितल्या होत्या, कुणाचं लग्न, कुणाची शेती, मला कांजिण्या आल्या तेव्हाचं. ही सांगितली नव्हती.

"तिला राग आला होता का?" मी शेवटी विचारलं.

"न्हाई. ट्रकमधी चढताना म्हणाली, तुम्हाला बघितलं, झालं." दादांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "ती पुन्हा आली न्हाई मात्र. मी बोलावलं पण न्हाई."

त्यांचे डोळे कोरडे होते. माझेही. मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून राहिले. मग त्यांनी चहा मागितला आणि मी केला.

त्या रात्री ते तंबूतच झोपले, आतल्या बाजूच्या खोलीत, खाटेवर. मुलीनं आपलं अंथरूण त्यांच्या पायाशी टाकलं. सकाळी ते आमच्याआधी उठून, दुसऱ्या दारानं, कोणालाही न उठवता बाहेर जाऊन बसले होते. तंबू काढताना दवानं ओला होता आणि कितीही दाबला तरी मूळच्या पिशवीत जाईना. तसाच गुंडाळून टपावर बांधला.

माझा थकवा एका दुपारच्या झोपेनं गेला असं काही झालं नाही. सोमवारी ऑफिसात तोच संगणक, तीच फाइल, आणि दुपारी नवऱ्याचा मेसेज, गॅस कधी बुक करायचा. पण एक सवय मला त्या दिवसापासून लागली. उत्तर सुचत नसेल तर मी 'मला माहीत नाही' म्हणते आणि तिथंच थांबते. पहिले काही दिवस घरात गोंधळ झाला. आता नवरा आणि मुलगी आपापसात ठरवतात, चुकलं तर चुकू देतात.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो. दादा या वेळी आले नाहीत. गुडघा सुजला होता, आणि भाऊ चार दिवस इकडे आला होता, त्याच्याजवळ राहतो म्हणाले. निघताना खिडकीतून त्यांनी नातीला सांगितलं, वारा कुठून येतो ते आधी बघ. तिनं बघितलं. तंबू पाऊण तासात लागला. खाटेची जागा मोकळी होती. आम्ही तिथं बॅगा ठेवल्या, थोड्या वेळानं मी त्या उचलून दुसरीकडे ठेवल्या, आणि ती जागा तशीच राहू दिली.